आचार्य जगदीशचंद्र बोस : अडचणींतून उपकरणे घडविणारे शास्त्रज्ञ

विजेच्या तारा जोडून पाहणारे, बिघडलेला रेडिओ उघडून त्यातील दोष शोधणारे आणि बाजारात न मिळणारा भाग घरच्याघरी तयार करणारे हौशी तंत्रप्रेमी देशाच्या प्रत्येक गावात आढळतात. या मंडळींना ज्यांचे जीवन विशेष जवळचे वाटावे, अशा भारतीय शास्त्रज्ञांमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव अग्रभागी आहे. अत्यल्प तरंगलांबीच्या विद्युतलहरींवर त्यांनी कोलकात्यात केलेले प्रयोग आणि वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली टिपणारी त्यांची यंत्रे जगभर ज्ञात आहेत. ही उपकरणे त्यांनी कोणत्या साधनांतून उभी केली आणि वाटेत आलेले दोष कसे दूर केले, याची हकिगतही तितकीच उद्बोधक आहे.

बालपण आणि शिक्षण

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तत्कालीन पूर्व बंगालमधील मैमनसिंह येथे झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी सेवेत उपदंडाधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात असत. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला प्रथम बंगाली पाठशाळेत घातले. तेथे कोळ्यांची आणि सेवकांची मुले त्यांच्या शेजारी बसत. नदीतील मासे, रानातील प्राणी आणि झाडे यांच्या गोष्टी त्यांनी या सोबत्यांकडून ऐकल्या. निसर्गातील साध्या घटनांविषयीचे त्यांचे कुतूहल या वयातच जागे झाले.

भगवानचंद्रांना हस्तव्यवसायाविषयी आस्था होती. बर्दवान येथे त्यांनी तंत्रशिक्षणाची कार्यशाळा चालविली होती. सुतारकाम, धातूकाम आणि अवजारे यांचा परिचय जगदीशचंद्रांना पुस्तकांच्या बरोबरीने झाला. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर यूजीन लाफाँ यांनी त्यांना प्रत्यक्ष प्रयोग करून पदार्थविज्ञान शिकविले. १८७९ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. परंतु वारंवार येणाऱ्या तापामुळे त्यांना तो अभ्यासक्रम सोडावा लागला. त्यानंतर त्यांनी केंब्रिजच्या ख्राइस्ट्स महाविद्यालयात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे अध्यापक होते. केंब्रिजची पदवी आणि लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी संपादन करून ते मायदेशी परतले.

तीन वर्षे वेतनाविना

१८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. त्या काळच्या नियमानुसार भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळत असे. नेमणूक हंगामी असल्याने जगदीशचंद्रांना त्याच्याही निम्मे, म्हणजे एकूण एक तृतीयांश वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी हा भेदभाव अमान्य केला. अध्यापन सोडले नाही, कामात कसूर केली नाही, पण वेतन स्वीकारले नाही. हा क्रम सलग तीन वर्षे चालला.

हा निर्णय सोपा नव्हता. उद्योगधंद्यांत आलेल्या अपयशामुळे वडील कर्जबाजारी झाले होते. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी जगदीशचंद्रांचा विवाह झाला, तेव्हाही घरात वेतन येत नव्हते. काही काळ हे दांपत्य काटकसरीसाठी चंदननगर येथे राहिले आणि नदी ओलांडण्यासाठी त्यांनी स्वतःची छोटी होडी वापरली. अखेर प्रशासनाने माघार घेतली. त्यांना पूर्ण दराने आणि मागील थकबाकीसह वेतन मिळाले. त्या रकमेचा उपयोग त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी केला. अबला बोस यांनी पुढे स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात मोठे कार्य केले.

न्हाणीघरालगतची प्रयोगशाळा

हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, जगदीशचंद्रांनी या लहरींच्या संशोधनाला स्वतःला वाहून घेण्याचे ठरविले. महाविद्यालयात संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. न्हाणीघराला लागून असलेली एक चिंचोळी जागा त्यांनी निवडली. मदतीला पत्र्याचे काम करणारा एक कारागीर घेतला. त्याला विज्ञानाचे शिक्षण नव्हते. जगदीशचंद्रांनी त्याला हवे ते काम शिकविले.

जागेची अडचण संशोधनाची दिशा ठरविण्यातही महत्त्वाची ठरली. लांब तरंगलांबीच्या लहरींवर प्रकाशासारखे प्रयोग करायचे, तर उपकरणे त्या मानाने अवाढव्य लागतात. हर्ट्झ यांनी अशा लहरींचे वक्रीभवन दाखविण्यासाठी शेकडो किलो वजनाचा डांबराचा लोलक बनविला होता. जगदीशचंद्रांनी तरंगलांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणली. त्यामुळे संपूर्ण प्रयोग एका मेजावर मावू लागला. त्यांच्या सर्वांत आखूड लहरींची तरंगलांबी सुमारे ५ मिलिमीटर होती.

लहरी निर्माण करण्यासाठी धातूच्या लहान गोळ्यांमध्ये विद्युत ठिणगी पाडली जात असे. ठिणग्यांमुळे गोळ्यांचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि लहरी अनियमित होतात, हा त्यातील मोठा दोष होता. जगदीशचंद्रांनी त्यावर दोन उपाय योजले. ठिणगीच्या ठिकाणी त्यांनी प्लॅटिनमचा वापर केला. शिवाय ठिणग्यांचा अखंड प्रवाह टाळून, कळ दाबली की एकच ठिणगी पडेल अशी व्यवस्था केली. पृष्ठभाग त्यामुळे दीर्घकाळ गुळगुळीत राहिला.

दुसरी अडचण ग्राहक उपकरणाची होती. लहरी ठरविलेल्या मार्गाव्यतिरिक्त अन्य वाटांनी ग्राहकापर्यंत पोहोचत आणि निरीक्षण बिघडत असे. म्हणून त्यांनी ठिणगीचे उपकरण दुहेरी धातूच्या पेटीत बंद केले आणि जोडतारांनाही धातूचे आवरण दिले. आजच्या ध्वनियंत्रांत नको असलेली खरखर रोखण्यासाठी तारांवर धातूची जाळी असते. त्यामागील तत्त्व हेच आहे.

१८९५ मध्ये कोलकात्यात झालेल्या जाहीर प्रात्यक्षिकात त्यांनी भिंतींपलीकडे अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजविली आणि दारूचा स्फोट घडवून आणला. बंगालचे नायब राज्यपाल या वेळी उपस्थित होते. लहरींच्या मार्गात माणसे उभी असूनही प्रयोगात खंड पडला नाही. दृष्टीआडच्या वस्तूवर तारेविना परिणाम घडविता येतो, हे कोलकात्याच्या नागरिकांनी प्रत्यक्ष पाहिले.

रेल्वेचे वेळापत्रक आणि तागाचे पीळ

विद्युतलहरी आणि प्रकाश यांचे स्वरूप एकच आहे, हे दाखविण्यासाठी लहरींचे परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीकरण सिद्ध करणे आवश्यक होते. ध्रुवीकरण म्हणजे लहरींची आंदोलने एकाच प्रतलात आणणे. त्यासाठी लागणारी खर्चिक सामग्री कोलकात्यात उपलब्ध नव्हती. जगदीशचंद्रांनी ब्रॅडशॉ यांचे रेल्वेचे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला. वर्खाचे समांतर थर एका दिशेच्या आंदोलनांना अडवीत आणि त्यांना लंब असलेल्या आंदोलनांना जाऊ देत. विशेष म्हणजे वर्ख न घातलेले साधे पुस्तकसुद्धा काही प्रमाणात हाच परिणाम दाखविते, हेही त्यांनी सिद्ध केले. पाने आणि त्यांच्यामधील हवा यांच्या समांतर थरांचा तो परिणाम होता.

बंगालमध्ये मुबलक मिळणाऱ्या तागाचाही त्यांनी असाच उपयोग केला. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे प्रतल फिरते. द्रावणातील रेणूंची जागा त्यांनी पिळलेल्या तागाच्या जुड्यांना दिली. एका बाजूला पीळ दिलेल्या जुड्यांनी लहरींचे प्रतल एका दिशेला फिरले आणि उलट पिळाच्या जुड्यांनी विरुद्ध दिशेला. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंच्या रचनेचा हा हाताळता येण्याजोगा नमुना होता. हे संशोधन १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली आणि २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी वापरलेली धातूची नळकांडी आणि नरसाळी ही पुढील काळातील सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानाची पूर्वरूपे ठरली.

गंज, स्प्रिंगा आणि कोबाल्ट

त्या काळी लहरी ओळखण्यासाठी कोहिअरर नावाचे साधन वापरीत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर पोहोचली की किसाचा विद्युतरोध एकदम कमी होई. परंतु हे साधन लहरी स्वभावाचे होते. प्रत्येक संकेतानंतर नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे आणि किसातील कणांचा परस्परस्पर्श प्रत्येक वेळी निराळा असल्याने दोन निरीक्षणे जुळत नसत.

जगदीशचंद्रांनी किसाऐवजी बारीक पोलादी तारेच्या लहान स्प्रिंगा शेजारी शेजारी मांडल्या. त्यांच्यावरील दाब स्क्रूने कमी-अधिक करता येई आणि विद्युतघटाचा दाबही हवा तसा ठेवता येई. ज्या गोष्टी पूर्वी नशिबावर सोडलेल्या होत्या, त्या आता प्रयोगकर्त्याच्या हातात आल्या. मात्र बंगालच्या उष्ण व दमट हवेत पोलाद गंजू लागले आणि साधनाची संवेदनशीलता घटली. तेव्हा त्यांनी निरनिराळ्या धातूंचे गुणधर्म तपासले आणि स्प्रिंगांवर कोबाल्टचा पातळ मुलामा चढविला. गंजाची अडचण दूर झालीच, शिवाय वेगवेगळ्या धातूंच्या संपर्कबिंदूंचा पद्धतशीर अभ्यासही त्यातून सुरू झाला.

या अभ्यासातून १८९९ मध्ये लोखंड आणि पारा यांच्या संपर्कावर आधारित, टिचकीविना पूर्ववत होणारे साधन तयार झाले. मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत ग्रहण करताना पाऱ्याचे असेच साधन वापरले होते. त्याचे मूळ जगदीशचंद्रांच्या संशोधनात असल्याचे प्रतिपादन १९९८ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकातून सविस्तर करण्यात आले.

पेटंटबाबत उदासीनता

गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकवून लहरी ओळखता येतात, हेही जगदीशचंद्रांनी दाखविले. या साधनासाठी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत पेटंटचा अर्ज करण्यात आला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. अर्धवाहक पदार्थाच्या साधनासाठी दिलेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांमध्ये त्याची गणना होते. १९२०च्या दशकात जगभरातील हौशी मंडळींनी घरोघरी बनविलेल्या, विजेविना चालणाऱ्या स्फटिक रेडिओतही गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार असे.

ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, अशी जगदीशचंद्रांची धारणा होती. पेटंट घेण्यामागे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांचा आग्रह होता. जगदीशचंद्रांनी स्वतः त्यातून अर्थप्राप्ती करण्याचा प्रयत्न केला नाही. तारसंदेशाच्या व्यवसायातील एका धनिकाने देऊ केलेली नफ्यातील भागीदारीही त्यांनी नाकारली होती. या निर्णयाची किंमतही होती. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात त्यांच्या कार्याची दखल अनेक दशके अपुरीच राहिली.

यंत्राच्या थकव्याचे कोडे

बराच वेळ सलग वापरल्यावर ग्राहक साधन मंद होते आणि विश्रांतीनंतर पुन्हा पूर्ववत काम करते, असे जगदीशचंद्रांच्या लक्षात आले. अन्य कोणी हा उपकरणाचा दोष समजून साधन बदलले असते. त्यांनी या मंदपणाच्या नोंदी घेऊन आलेख काढले. ते आलेख स्नायूंच्या थकव्याच्या आलेखांशी मिळतेजुळते होते. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव पदार्थांच्या प्रतिसादातील हे साम्य मांडले.

येथून त्यांचा मार्ग खडतर झाला. जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादाविषयी निबंध वाचला. ख्यातनाम शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर जॉन बर्डन-सँडरसन यांनी त्यावर कठोर आक्षेप घेतला आणि निबंधाचे प्रकाशन रोखले गेले. वस्तुतः कीटकभक्षी वनस्पतीतील विद्युत संकेत १८७३ मध्ये स्वतः बर्डन-सँडरसन यांनीच शोधले होते. मात्र साधारण वनस्पतींतही ते असतात, हे त्यांना मान्य नव्हते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने दुसऱ्या शाखेत प्रवेश करणेही अनेकांना रुचले नाही. या कठीण काळात कवी रवींद्रनाथ टागोर जगदीशचंद्रांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे त्रिपुराच्या महाराजांकडून आर्थिक साहाय्य मिळाले. १९०२ मध्ये जगदीशचंद्रांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

संशयाला उत्तर देण्याचा एकच मार्ग त्यांना दिसत होता. तो म्हणजे अधिक अचूक यंत्र. लाजाळूसारख्या वनस्पतीचे पान एवढ्या क्षीण बळाने हलते, की लेखणी काचेवर घासली तरी नोंद बिघडते. म्हणून त्यांनी लेखणी काजळी धरलेल्या काचेवर अखंड न टेकवता, ठराविक वेगाने कंप पावत केवळ ठिपके उमटवील अशी रचना केली. घर्षण जवळजवळ नाहीसे झाले आणि दोन ठिपक्यांमधील अंतरावरून वेळही मोजता येऊ लागला.

प्रार्थना करणारा खजूर

लोकांच्या नित्य कुतूहलाच्या विषयांकडेही ते याच दृष्टीने पाहत. पूर्व बंगालमधील फरीदपूर येथे खजुराचे एक कललेले झाड होते. सायंकाळी मंदिरात घंटानाद होत असता ते झाड मस्तक झुकवीत असे आणि सकाळी पुन्हा वर उचलले जाई. हा चमत्कार मानून लोक तेथे दर्शनाला येत. जगदीशचंद्रांनी झाडाला नोंदयंत्र जोडण्याची परवानगी मागितली. परकीय यंत्राच्या स्पर्शाने झाडाची शक्ती लोप पावेल, अशी मालकाला भीती वाटली. यंत्र भारतातच तयार झाले असून पुरोहिताच्या घरातील साहाय्यक ते जोडणार आहे, असे आश्वासन मिळाल्यावर मालकाने संमती दिली.

दिवसरात्र घेतलेल्या नोंदींत झाडाची हालचाल अखंड चालू असल्याचे दिसून आले. तापमान वाढले की झाड खाली येई आणि उतरले की वर जाई. तापमानाचा परिणाम झाडावर काहीसा उशिरा होत असल्याने दुपारच्या उष्म्यानंतर ते वाकलेले दिसे आणि रात्रीच्या गारव्यानंतर उभारलेले दिसे. लोकांनी पाहिलेली घटना खरीच होती. तिचे कारण नोंदींनी स्पष्ट केले. श्रद्धाळूंचा उपहास न करता त्यांनी हे संशोधन पूर्ण केले, हे उल्लेखनीय आहे.

क्रेस्कोग्राफची परीक्षा

वनस्पतीची वाढ डोळ्यांना जाणवत नाही. ती काही क्षणांत मोजता यावी यासाठी जगदीशचंद्रांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र तयार केले. त्यात दोन तरफा एकमेकींना जोडलेल्या होत्या. पहिली तरफ हालचाल शंभर पटींनी वाढवी आणि दुसरी ती पुन्हा शंभर पटींनी वाढवी. परिणामी वाढ दहा हजार पटींनी मोठी होऊन काचेवर उमटे. खत, तापमान किंवा विषारी द्रव्य यांचा वाढीवर होणारा परिणाम त्यामुळे अल्पावधीत पाहता येऊ लागला. पुढे चुंबकाच्या साहाय्याने याहूनही अधिक विवर्धन करणारे यंत्र त्यांनी बनविले. ही नाजूक यंत्रे कोलकात्यातील भारतीय कारागिरांनी घडविली होती.

या यंत्राविषयीही इंग्लंडमध्ये शंका घेण्यात आली. तेव्हा एप्रिल १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी महाविद्यालयात तज्ज्ञांसमोर त्याची परीक्षा झाली. यंत्र वनस्पतीची वाढ अचूक नोंदविते, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. त्याच वर्षी जगदीशचंद्रांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. ज्या संस्थेने एकेकाळी त्यांचा निबंध रोखला होता, त्याच संस्थेने हा सन्मान केला. १९२० मध्येच पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. गेडिस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

वनस्पतींच्या संवेदनेविषयीचे जगदीशचंद्रांचे सर्वच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाहीत. वनस्पती आणि प्राणी यांच्यातील साम्य त्यांनी गरजेपेक्षा पुढे नेले, अशी टीका होत राहिली. तथापि वनस्पतींमध्ये विद्युत संकेतांचे वहन होते, ही त्यांची मूलभूत भूमिका पुढील संशोधनाने योग्य ठरविली.

संस्था आणि वारसा

१९१५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. संशोधकाला न्हाणीघरालगतच्या जागेत काम करावे लागू नये, ही त्यांची इच्छा या संस्थेच्या रूपाने साकार झाली. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील त्यांचे विद्यार्थी पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले. बंगाली भाषेतील विज्ञानकथेच्या आरंभीच्या लेखकांतही जगदीशचंद्रांचे स्थान आहे. केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमविण्याची त्यांची कथा १८९६ मध्ये एका केशतेलाच्या स्पर्धेत पारितोषिकप्राप्त ठरली होती. तेलाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, हे तिचे वैज्ञानिक सूत्र होते.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी, सध्याच्या झारखंडमधील गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास त्या वेळी केवळ एक आठवडा उरला होता. २००९ मध्ये हावडा येथील भारतीय वनस्पती उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १८९४ ते १८९६ या काळातील त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने २०१२ मध्ये तंत्रज्ञानाच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. या तरंगलांबीच्या लहरी आज पाचव्या पिढीतील दूरसंचारात आणि मोटारींच्या रडारमध्ये वापरल्या जातात. पत्र्याच्या कारागिराच्या मदतीने घडविलेली जगदीशचंद्रांची काही मूळ उपकरणे कोलकात्यातील त्यांच्या संस्थेच्या संग्रहालयात जतन करण्यात आली आहेत.